कोजागिरी घरी करताना: दूध, खाणं आणि बारापर्यंतचे खेळ

प्रश्न असा आहे: पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, वर सोसायटीची गच्ची, सोळा मोठी माणसं आणि सहा मुलं. कोजागिरीला दूध किती आणायचं, सोबत खायला काय करायचं आणि कोणते खेळ घ्यायचे?

दुधाचा हिशोब सोपा आहे, तो पुढे देतो. पण कोजागिरी दुधामुळे क्वचितच फसते. ती फसते साडेनऊ ते बारा या वेळात. मंडळी आठला येतात, नऊपर्यंत भेळ, वडे, पावभाजी असं पोटभर खाऊन होतं, मग सगळे सुस्तावतात. दहाला कुणीतरी म्हणतं, "दूध आत्ताच घेऊन टाकूया का?" साडेदहाला चपला घालणं सुरू होतं. म्हणून आखणी बारा वाजल्यापासून मागे करत यायची. खाणं एकदम न देता तीन वेळा थोडं थोडं द्यायचं आणि खेळांचा क्रम ठरवून ठेवायचा.

बाराच का, तर त्या रात्री चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. रूढीतही लक्ष्मी-इंद्राची पूजा आणि दुधाचा नैवेद्य मध्यरात्रीचाच आहे. मध्यरात्री पौर्णिमा असलेला दिवस कोजागिरीचा, त्यामुळे कॅलेंडरवर पौर्णिमा दोन तारखांवर पसरलेली दिसली तर गोंधळू नका. २०२५ मध्ये पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी लागून ७ तारखेला सकाळी संपली, कोजागिरी मात्र ६ तारखेच्या रात्री झाली.

गच्ची मिळणार नसेल आणि बाल्कनी पूर्वेकडे असेल, तर चांदणं तुमच्या बाल्कनीत साधारण सात ते नऊ-साडेनऊपर्यंतच येईल. त्यानंतर चंद्र इतका वर जातो की वरच्या मजल्याचा स्लॅब आड येतो. बारा वाजता बाल्कनीत पातेलं ठेवलं तर त्यात चांदणं पडणार नाही. अशा घरांनी नैवेद्य नऊला दाखवावा आणि प्यायला दूध नंतर घ्यावं.

दूध. मोठ्या माणसामागे पाव लिटर कच्चं दूध, मुलामागे त्याच्या निम्मं. सोळा मोठी म्हणजे ४ लिटर, सहा मुलं म्हणजे पाऊण लिटर. एकूण ५ लिटर धरा. आटून ते साधारण ४ लिटर उरेल. त्यात मोठ्यांना २०० मिलीचा आणि मुलांना १०० मिलीचा पेला देऊन नैवेद्यापुरतं शिल्लक राहतं. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूधच घ्या. टोन्ड दूध कितीही आटवलं तरी पाणचट लागतं, मग दाटपणासाठी लोक कस्टर्ड पावडर किंवा काजूची पेस्ट घालतात आणि त्याचं मसाला दूध राहत नाही. सुटं दूध घेणार असाल तर दोन दिवस आधी सांगून ठेवा. कोजागिरीला मागणी एकदम वाढते आणि पुण्यात गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर भावही चढतात.

आटवण्याचं काम दुपारीच उरकायचं. सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. ५ लिटरमधलं १ लिटर पाणी उडवायला घरगुती शेगडीवर उकळी आल्यापासून पाऊण तास ते तासभर लागतो, आणि रात्री दहाला हे काम काढलं तर घरातलं एक माणूस खेळातून कायमचं बाद होतं. दूध अडीच-अडीच लिटर दोन पसरट, जाड बुडाच्या पातेल्यांत घाला. पातेलं निम्म्याहून जास्त भरायचं नाही, म्हणजे उतू जात नाही आणि पसरट असल्याने लवकर आटतं. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने खंगाळून घ्या, पुसू नका. उकळी येईपर्यंत मध्यम आंच, त्यानंतर मंद ते मध्यम. ढवळायला गोल डाव नको, चपट्या टोकाचं लाकडी उलथनं घ्या, कारण दूध लागतं ते बुडाशी बसलेल्या प्रथिनांच्या थरामुळे आणि तो थर हलवायला बुडावरून सपाट काहीतरी फिरावं लागतं. दर दोन-तीन मिनिटांनी एकदा बूड खरवडून यावं.

तरीही लागल्याचा वास आलाच तर खरवडू नका. पातेलं लगेच उतरवा आणि वरचं दूध न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, तळाचं बोटभर सोडून द्या. तो वास वेलचीने झाकला जाईल या आशेवर राहू नये, झाकला जात नाही.

दूध फाटण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, पाचातली एखादी पिशवी आधीच उतरलेली असते. म्हणून सगळं एकत्र ओतण्याआधी प्रत्येक पिशवीतलं दोन-तीन चमचे दूध वाटीत उकळून पाहा. दुसरं कारण घरातलंच, भेळेच्या चिंचेच्या चटणीचा डाव नीट न धुता दुधात जातो. त्या दिवशी दुधाची भांडी, डाव आणि गाळणी सकाळीच वेगळी काढून ठेवा.

४ लिटरपर्यंत आटलं की गॅस बंद करा. पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून अधूनमधून ढवळत निववा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर आतलं दूध तासन् तास कोमट राहतं आणि आंबट व्हायला तेवढं पुरतं. साखर आणि मसाला अजून घालायचा नाही.

मसाल्याचं प्रमाण ५ लिटरला: बदाम ७५ ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम, चारोळी २५ ग्रॅम, वेलदोडे २५ ते ३०, जायफळ पाव, केशर पाव ग्रॅम. पिस्ते बिनमिठाचे आहेत ना ते चाखून घ्या, घाईत खारे पिस्ते हमखास उचलले जातात. चारोळीही चाखा. ती लवकर खवट होते आणि एक खवट मूठ सगळं दूध बिघडवते. बदाम-पिस्ते कोरडेच, दोन चमचे साखरेबरोबर, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवले तर तापून तेल सुटतं आणि पुडीऐवजी गोळा होतो. चारोळी अख्खीच घाला. जायफळ किसून, हात राखून, कारण जास्त झालं तर दूध कडवट लागतं. केशर गरम पळीवर क्षणभर शेकून बोटांनी चुरडा आणि कोमट दुधात वीस मिनिटं भिजवा. थेट पातेल्यात टाकलं तर निम्मा रंग काड्यांतच राहतो.

साखर ३०० ते ३५० ग्रॅम. थंड दूध देणार असाल तर ५० ग्रॅम वाढवा, कारण गार झालं की गोडी कमी जाणवते. मधुमेह असलेल्यांचं दूध साखर घालण्याआधी काढून ठेवायचं आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांचं मसाला घालण्याआधी. पाहुण्यांना आधीच विचारा, ऐन वेळी विचारून उपयोग नसतो.

रात्री अकराला दूध पुन्हा मंद आंचेवर ठेवा, साखर घाला, उकळी आली की मसाला आणि केशर घालून पाच-सात मिनिटं चालू द्या. नैवेद्यासाठी एक पसरट वाटी किंवा लहान पातेलं गच्चीवर चांदण्यात ठेवा, त्यावर मलमलचा एकपदरी कपडा बांधा आणि जवळ दिवा नको, ऑक्टोबरात दिव्याभोवती चिलटं फार असतात. अर्धा तास चांदण्यात पुरेसा आहे. सगळंच पातेलं संध्याकाळी सातपासून उघड्यावर ठेवण्याची काही घरांत पद्धत आहे, ती सोडून द्यावी. गरम हवेत पाच तास पडलेलं दूध पोट बिघडवतं. वाढताना प्रत्येक पेल्याआधी डाव तळापर्यंत घाला, नाहीतर पहिल्या दहाजणांना केशरी दूध आणि शेवटच्या दोघांना बदामाचा गाळ मिळतो.

खाणं. आठ वाजता भेळ, पण अर्धपोटी. दहाला दडपे पोहे. सव्वाअकराला खिरापत. बारा वाजता दूध. तळलेलं काही नको असं माझं स्पष्ट मत आहे. वडे-भज्यांनी एक माणूस शेगडीपाशी अडकतं आणि तेलकट पोटावर आटीव दूध जड होतं.

बावीस जणांच्या भेळेला चुरमुरे पाऊण किलो, फरसाण ४०० ग्रॅम, बारीक शेव पाव किलो, कांदे पाऊण किलो, उकडलेले बटाटे पाऊण किलो, टोमॅटो अर्धा किलो, पुऱ्या चाळीसेक. आंबटगोड चटणीला चिंच १५० ग्रॅम, खजूर २०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम. चुरमुरे दुपारीच कढईत मंद आंचेवर तीन-चार मिनिटं परतून, पूर्ण गार करून डब्यात बंद करा. टोमॅटोच्या बिया काढून टाका. चटणी चमच्यातून धार न लागता जाड थेंबांनी पडली पाहिजे. भेळ मऊ पडते ती पातळ चटणी, टोमॅटोचं पाणी आणि एकदम सगळी कालवण्याची हौस या तीन गोष्टींनी. पाच-सहा प्लेटच्या घाण्याने कालवा: आधी चुरमुरे-फरसाण, मग बटाटा-कांदा-टोमॅटो, मग चटण्या, शेव आणि कोथिंबीर प्लेटमध्ये वरून.

दडपे पोह्यांचा आग्रह धरतो, कारण कोजागिरीच्या जुन्या नैवेद्यात पोहे आणि नारळाचं पाणी आहेच आणि या पदार्थात दोन्ही एकत्र येतात. पाऊण किलो पातळ पोहे चाळून घ्या. दोन नारळ खवा, पाणी बाजूला ठेवा आणि चाखून पाहा, आंबूस असेल तर वापरू नका. पाच-सहा कांदे अगदी बारीक चिरून त्यात खोबरं, मीठ, साखर, तीन लिंबांचा रस हाताने चुरा, मग पोहे मिसळा आणि नारळाचं पाणी हबके मारून शिंपडा. सगळं ओतायचं नाही, पोह्यांचा लगदा होतो. वर ताट आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून वीस-पंचवीस मिनिटं दडपा. मोहरी, हिंग, हळद, मिरच्या, शेंगदाण्यांची फोडणी गार करून वाढायच्या आधी घाला. गरम फोडणीने पोहे आकसतात. नऊ-साडेनऊला दडपून ठेवले की दहाला तयार.

खिरापतीचं काम पाहुण्यांचं. भोंडल्याला आणि विदर्भ-खानदेशात भुलाबाईला जी खिरापत ओळखायला लावतात तीच इथे करायची. विदर्भात भुलाबाईची सांगता कोजागिरीलाच होते, तेव्हा हा खेळ उपरा नाही. प्रत्येक कुटुंबाने एक सुका पदार्थ बंद डब्यात आणायचा, प्रत्येकाला घासभर पुरेल एवढाच. बाकीच्यांनी डबा हलवून, आवाज ऐकून, प्रश्न विचारून ओळखायचा. उत्तर फक्त हो किंवा नाही, प्रश्न दहा, वास घ्यायची परवानगी शेवटच्या तीन प्रश्नांत. "काहीही आणा" असं सांगू नका. चार घरांतून चिवडा येतो. अर्ध्यांना गोड आणि अर्ध्यांना तिखट वाटून द्या.

खेळ. क्रम ठरवणारी गोष्ट म्हणजे आवाज. रात्री दहानंतर उघड्या जागेत ध्वनिवर्धक चालत नाही, हा नियम २००० सालापासून आहे, आणि माइक नसला तरी गच्चीवरचा आरडाओरडा सगळ्या इमारतीत ऐकू जातो. तेव्हा ओरडायचे खेळ दहाच्या आत, बसून खेळायचे नंतर.

साडेआठला हाऊजी, कारण उशिरा येणाऱ्यालाही दुसऱ्या डावात घेता येतं आणि अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलावं लागत नाही. तिकीट १० रुपयांचं धरलं तर बावीस तिकिटांचे २२० होतात: पहिले पाच २०, चार कोपरे २०, तीन ओळी ३०-३०, फुल हाऊस ९०. पैसे नको असतील तर त्याच किमतीच्या छोट्या वस्तू आणा, मुलं असताना तेच बरं. चुकीचा दावा केला तर तिकीट बाद, हे आधी सांगा. दोन डाव पुरे, तिसऱ्याला कंटाळा येतो.

मग गाण्याच्या भेंड्या. गट बायका विरुद्ध पुरुष किंवा एकेक कुटुंब असे पाडू नका. प्रत्येक गटात एक जुनी गाणी येणारं, एक नवी गाणी येणारं आणि एक मूल हवं. भांडण होतं ते अक्षरांवरून, म्हणून नियम आधीच बोलून घ्या. 'ळ' आला तर 'ल'ने, 'ण' आला तर 'न'ने म्हणायचं, कारण या अक्षरांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. हिंदी गाणी घेतलीत तर 'है'मुळे 'ह' सतत येतो, तेव्हा 'है' आल्यास त्याआधीच्या शब्दाचं अक्षर घ्या. तीस अंक मोजून होईपर्यंत गाणं आलं नाही तर भेंडी चढली, आणि दोन ओळी तरी म्हणता आल्या पाहिजेत. ठ, ढ, झ यांवर गट अडकतात आणि खरी मजा तिथेच येते, त्यामुळे अक्षर बदलून देऊ नका.

दहाला पोहे, त्याच वेळी मुलांना त्यांचं दूध. त्यांच्यापुरतं थोडं दूध साखर-मसाला घालून आधी गरम करा. चंद्र तोवर चांगला वर आलेला असतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला बारापर्यंत ताटकळवण्यात अर्थ नाही.

सव्वादहाला सोळा जणांचे तीन-चार घोळके करा. जुन्या विधीत कोजागिरीला अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ सांगितला आहे, म्हणून एका घोळक्याला कवड्यांचा पट द्यायलाच हवा. गच्चीच्या फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि मध्यभागी फुली मारा, फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या. बांगडीचे तुकडे, खडे, शेंगदाणे काहीही चालतं. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन दानांना पुन्हा टाकायला मिळतं. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून दोन-दोन फाका करा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. सोंगटी आपल्या बाजूच्या मधल्या घरातून निघून बाहेरच्या रांगेने घड्याळाच्या उलट फिरते, फेरा पुरा झाला की आतल्या रांगेत शिरून घड्याळाच्या दिशेने फिरते आणि मध्यात जाते. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. या एका नियमामुळे खेळात रंग भरतो, म्हणून तो गाळू नका. गावागावात नावं आणि पोटनियम वेगळे आहेत, तेव्हा सुरू करण्याआधी कुणाच्या घरचा नियम चालणार ते ठरवा.

बाकीच्यांना पत्ते. चौघे असतील तर मेंढीकोट: समोरासमोरचे भिडू, तेरा-तेरा पानं, दश्श्या जिंकायच्या आणि चारही आल्या तर मेंढीकोट. तिघांना पाच-तीन-दोन, तीस पानांचा. अट्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस आणि त्यात बदाम व इस्पिकच्या सत्त्या. पाच ते सात जणांना झब्बू किंवा बदाम सात. आठाच्या वर गेलात तर दोन कॅट मिसळून चॅलेंज. ज्यांना पत्ते येत नाहीत त्यांना मेंढीकोटला बसवू नका, भिडू चिडतो. त्यांची जागा झब्बूत.

गच्चीवर अकरानंतर दंव पडायला लागतं. पत्ते चिकटतात, उघडे चुरमुरे मऊ होतात, फरशी गार पडते. सतरंजीखाली प्लॅस्टिक घाला आणि जुना, मऊ झालेला कॅट वर नेऊ नका. मुलं वर असतील तर कठड्यापाशी एक मोठं माणूस पाळीपाळीने बसलं पाहिजे. खेळात गुंतल्यावर कुणाचंच लक्ष राहत नाही.

सव्वाअकराला पत्ते गोळा करून खिरापत घ्या. लोक पेंगायला लागतात ती नेमकी हीच वेळ, आणि बंद डबा सगळ्यांना पुन्हा एकत्र आणतो. पावणेबाराला पूजा, नैवेद्य आणि आश्विनी, म्हणजे घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळणं. ते लवकर झोपणारं मूल असेल तर पाहुणे येण्याआधी संध्याकाळी ओवाळून घ्या. पाहुण्यांत जे आपापल्या घरी थोरले आहेत त्यांनाही पाटावर बसवून ओवाळा. साठीतल्या माणसालासुद्धा ते फार आवडतं.

दूध उरलं तर त्याच रात्री उकळून, निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्यात शेवया घातल्या तर खीर होते, पण साखर आधीच आहे हे लक्षात ठेवून वरून घालू नका.